कोरियाविद्या: एका देशाच्या अभ्यासाची घडण

इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी निरवांगी आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले, उसाचे गाव. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, उसाला तोड कधी मिळणार, कारखाना पहिली उचल किती देणार, ही इथली नेहमीची बोलणी. अशा गावातही कोरिया आता परका राहिलेला नाही. सॅमसंगचा मोबाइल खिशात असतो, एलजीचा फ्रीज स्वयंपाकघरात असतो, ह्युंदाईची गाडी दारात उभी असते आणि कॉलेजला जाणाऱ्या मुली मोबाइलवर कोरियन मालिका बघतात. याच पुणे जिल्ह्यात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने 2023 साली केला.

कोरियाचा माल आला, करमणूक आली, नोकऱ्याही आल्या. पण तो देश कसा घडला, तिथल्या शेतकऱ्याने काय सोसले, तिथल्या बायकांना वारसाहक्क होता की नव्हता, हे विचारले तर आपण गप्प बसतो. वस्तू विकत घेऊन देश कळत नाही. त्यासाठी त्या देशाची भाषा शिकलेली, त्याचे जुने कागद वाचणारी, त्याच्या गावात जाऊन राहिलेली माणसे लागतात. अशा माणसांना पगार देऊन, ग्रंथालय देऊन, वर्षानुवर्षे एकाच विषयावर काम करू देणारी जागा म्हणजे विद्यापीठ. कोरियाचा असा अभ्यास करणाऱ्या ज्ञानशाखेला आपण कोरियाविद्या म्हणू. ती कशी उभी राहिली आणि मराठी माणसाचा तिच्याशी काय संबंध आहे, ते या प्रकरणात पाहू.

तुरुंगात गेलेले कोशकार

1910 साली जपानने कोरिया गिळंकृत केला. त्याच वर्षी पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. परक्यांच्या राजवटीत आपला इतिहास आपणच आपल्या साधनांवरून लिहायचा, ही तळमळ दोन्हीकडे होती. कोरियन इतिहासकारांनी 1934 साली ‘चिंदान हाखोए’ ही संस्था काढली आणि जपानी विद्वानांच्या तोडीचे संशोधन कोरियन भाषेत छापायला सुरुवात केली.

भाषेच्या अभ्यासकांची कसोटी याहून कठीण होती. कोरियन भाषा संस्थेचे सदस्य आपल्या भाषेचा मोठा शब्दकोश तयार करत होते. शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत असताना गावोगावचे शब्द गोळा करण्याचे काम चालू होते. ऑक्टोबर 1942 पासून जपानी पोलिसांनी या मंडळींची धरपकड सुरू केली आणि कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त केले. ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे अभ्यासक तुरुंगातच वारले. ऑगस्ट 1945 मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि पुढच्याच महिन्यात ते हस्तलिखित सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. त्यावरून कोशाचा पहिला खंड 1947 साली निघाला आणि सहावा, शेवटचा खंड 1957 साली. मधली तीन वर्षे देशाने युद्धात काढली होती.

आज जगात कुठेही कोरियन शिकणारा विद्यार्थी या कोशकारांच्या मेहनतीवर उभा असतो. आपल्याकडे य. रा. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. शब्दकोशाला किती माणसांचे किती आयुष्य लागते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

बाहेरची विद्यापीठे

कोरियाबाहेर या विषयाची सुरुवात राजकारणाच्या गरजेतून झाली. रशियाला पूर्वेकडे पाय पसरायचे होते, तेव्हा 1897 साली सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात कोरियनचे वर्ग सुरू झाले. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात फ्रिट्स फॉस यांनी 1947 पासून कोरियन शिकवली. अमेरिकेत कोरियन युद्धानंतर या विषयाला बळ मिळाले. हार्वर्डमध्ये 1958 पासून एडवर्ड वॅग्नर कोरियाचा इतिहास शिकवू लागले आणि त्यांच्या हाताखाली पुढची पिढी तयार झाली. हवाई विद्यापीठाने 1972 साली स्वतंत्र कोरियाविद्या केंद्र काढले.

दक्षिण कोरियाने स्वतः या कामात पैसा आणि माणसे घातली. 1978 साली कोरियाविद्या अकादमी स्थापन झाली. 1991 साली कोरिया फाउंडेशन आले आणि परदेशी विद्यापीठांत कोरियाविषयक प्राध्यापकपदे निघावीत म्हणून ते निधी देऊ लागले. एखाद्या सरकारने परक्या विद्यापीठातल्या पदाला पैसा द्यावा, याचे फायदे आहेत तसे धोकेही आहेत. देणाऱ्याला न रुचणारे प्रश्न प्राध्यापकाने विचारावेत की नाही, ही चर्चा या क्षेत्रात नेहमी चालते. चांगल्या विद्यापीठांचा अनुभव असा, की पद कायमचे असले आणि नेमणूक विद्यापीठाच्या हाती असली, तर प्राध्यापक मोकळेपणाने लिहितो. इतिहासकार ब्रूस कमिंग्स यांनी कोरियन युद्धाची मुळे शोधताना कोरियातल्या अमेरिकी लष्करी राजवटीची कठोर चिकित्सा केली, आणि ती केली अमेरिकी कागदपत्रांच्याच आधारे. त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड 1981 आणि 1990 साली निघाले. त्यांच्या निष्कर्षांवर आजही वाद होतात, पण त्यांना वगळून त्या युद्धावर कुणी लिहीत नाही.

अलीकडे मालिका आणि गाण्यांमुळे भाषा शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. अमेरिकी महाविद्यालयांत 2016 ते 2021 या काळात परदेशी भाषा शिकणारे एकूण विद्यार्थी 16.6 टक्क्यांनी घटले, कोरियन शिकणारे मात्र 38.3 टक्क्यांनी वाढले.

कागद काय सांगतात

कोरियाविद्येचा प्राध्यापक नेमके करतो काय, हे कळायला दोन उदाहरणे जवळून पाहू.

पहिले आहे कोरियाच्या चोसन घराण्याच्या राजवृत्तांताचे. 1392 पासून 1863 पर्यंत, 472 वर्षे आणि 25 राजे एवढ्या काळाची ही नोंद आहे. दरबारात वृत्तलेखक हजर असत आणि राजा काय बोलला, कुणी काय उत्तर दिले, हे टिपून ठेवत. राजा वारल्यावर त्याच्या कारकिर्दीचा वृत्तांत सिद्ध होई आणि तो वाचायची मुभा पुढच्या राजालाही नसे. 1404 साली राजा थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला. उठल्याबरोबर त्याने सांगितले, की हे वृत्तलेखकाला कळू देऊ नका. वृत्तांतात त्याचे पडणे आले आहे आणि ही ताकीदही आली आहे. या ग्रंथाच्या प्रती वेगवेगळ्या भांडारांत ठेवलेल्या असत. 1592 च्या जपानी स्वारीत बाकीच्या जळाल्या आणि एकट्या जोंजूची प्रत वाचली. तिच्यावरून पुन्हा नकला केल्या गेल्या. 1997 साली युनेस्कोने या वृत्तांताला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले.

हा सगळा मजकूर अभिजात चिनीत आहे. त्यामुळे आजचा सामान्य कोरियन माणूस तो अनुवादाशिवाय वाचू शकत नाही, जसा आपला पदवीधर पेशवे दप्तरातला मोडी कागद वाचू शकत नाही. दक्षिण कोरियाने 1968 ते 1993 अशी 25 वर्षे खर्चून त्याचा आधुनिक कोरियनमध्ये अनुवाद पूर्ण केला. पुढे सगळा मजकूर संगणकावर आणून लोकांना मोफत खुला केला. आज एखाद्या दुष्काळाची, धूमकेतूची किंवा जमिनीच्या तंट्याची नोंद कुणीही घरबसल्या शोधू शकतो.

दुसरे उदाहरण मार्टिना डॉइख्लर यांचे. या स्विस विदुषी झ्यूरिकला आणि नंतर लंडनच्या सोआस या संस्थेत प्राध्यापक होत्या. त्यांचा प्रश्न असा होता: कोरियन कुटुंबात थोरल्या मुलाला एवढे महत्त्व कधीपासून आले? सगळे म्हणत, ही तर फार जुनी रीत. डॉइख्लर यांनी वाटणीपत्रे, वंशावळी आणि कायद्याचे ग्रंथ चाळले. त्यातून निराळेच चित्र निघाले. चोसनच्या आधीच्या कोर्यो काळात आणि चोसनच्या सुरुवातीलाही मुलींना मुलांच्या बरोबरीने वाटा मिळे. लग्नानंतर जावई बरीच वर्षे सासुरवाडीला राहत असे. कन्फ्यूशियसच्या शिकवणीने राज्य चालवू पाहणाऱ्या विद्वान अधिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कायदे आणि कर्मकांड बदलत नेले, आणि सतराव्या शतकापर्यंत मुलीचा वाटा आक्रसत जाऊन घर थोरल्याकडे गेले. हे मांडणारा डॉइख्लर यांचा ग्रंथ 1992 साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. तरी तलाठ्याकडे वारसनोंद करताना बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत आपल्या गावांत चालूच आहे. ‘पहिल्यापासून असेच चालत आले आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते कधीपासून आणि कुणी चालवले, हे कागदांवरून तपासता येते. कोरियाचा अभ्यास आपल्याला आपल्याच घराकडे असे बघायला शिकवतो.

गावात राहून केलेला अभ्यास

कागदांइतकीच गावेही बोलतात. व्हिन्सेंट ब्रँट हे आधी अमेरिकेचे राजनैतिक अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते मानववंशशास्त्राकडे वळले आणि 1966 साली कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सोक्पो या शेतकरी-कोळ्यांच्या गावात राहिले. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1971 साली निघाले. गावकीतली चढाओढ आणि अडीअडचणीला धावून जाण्याची रीत एकाच वेळी कशी नांदते, हे त्यांनी बारकाईने मांडले.

अशाच अभ्यासाचा विषय आपला नीरा कालव्याचा पट्टाही झाला आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे डोनाल्ड अ‍ॅटवूड यांनी माळेगाव परिसरातल्या ऊस-शेतकऱ्यांचा आणि सहकारी साखर कारखानदारीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा ‘रेझिंग केन’ हा ग्रंथ 1992 साली आला. कॅनडाचा प्राध्यापक बारामतीला येऊन उसाचे अर्थकारण समजून घेऊ शकतो, तर निरवांगीचा पदवीधर कोरियातल्या भातशेतीच्या गावात जाऊन का राहू शकणार नाही? पाणी, कर्ज, भावकी आणि सहकार हे विषय त्याने पुस्तकात गाठण्याआधीच अंगणात अनुभवलेले असतात.

त्याला विचारता येतील असे प्रश्नही पुष्कळ आहेत. दक्षिण कोरियात 1950 साली जमीनसुधारणा अमलात आली तेव्हा कमाल धारणेची मर्यादा सुमारे 3 हेक्टर, म्हणजे साडेसात एकरांच्या आसपास होती. महाराष्ट्राच्या 1961 च्या कायद्यात बारमाही बागायतीची मर्यादा 18 एकर होती. या फरकाचा दोन्हीकडच्या गावांवर काय परिणाम झाला?

किंवा ‘सेमाउल’ची, म्हणजे तिकडच्या ग्रामसुधार चळवळीची गोष्ट घ्या. 1970 च्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने 33,267 गावांना प्रत्येकी 335 पोती सिमेंट फुकट दिले. अट एकच, की ते गावाच्या सामायिक कामाला वापरायचे. कुठे रस्ता झाला, कुठे विहीर, कुठे साकव. दुसऱ्या वर्षी सरकारने हिशोब पाहिला आणि चांगले काम केलेल्या 16,600 गावांनाच पुढची मदत दिली: 500 पोती सिमेंट आणि एक टन लोखंड. ज्यांनी केले नाही त्यांना काही नाही. या चळवळीच्या कागदपत्रांना 2013 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात जागा मिळाली.

सरकारी प्रचारात ही निखळ यशाची कहाणी असते. अभ्यासक मात्र पुढचे प्रश्न विचारतात. देशात सिमेंटचा साठा पडून होता, म्हणून तर हे वाटप झाले. 1972 नंतर पार्क यांची हुकूमशाही अधिक आवळली, तेव्हा चळवळ तिचा आधार बनली. गवताची छपरे काढा म्हणून गावांवर दडपण आले. आणि एवढे करूनही तरुण मंडळी शहरांकडे जातच राहिली. हे सगळे मान्य करूनही गावकऱ्यांनी स्वतःच्या अंगमेहनतीने उभे केलेले काम उरतेच. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार जवळून पाहिलेल्या मराठी अभ्यासकाने सेमाउलकडे बघितले, तर अमेरिकी प्राध्यापकाला न सुचलेले प्रश्न त्याला सुचतील. मराठी माणसाने या क्षेत्रात उतरावे असे मला वाटते, ते याचसाठी.

आपले जुने धागे

कोरिया आणि भारत यांच्या नात्याविषयी अयोध्येच्या राजकन्येची कथा सगळीकडे सांगितली जाते. आयुता देशाची राजकन्या समुद्रमार्गे जाऊन राजा सुरोची राणी झाली, असे इरयन या भिक्षूने तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात नोंदवले आहे. लग्नाचे वर्ष 48 दिले आहे. घटना आणि नोंद यांत बाराशे वर्षांचे अंतर असल्यामुळे इतिहासकार ती आख्यायिका म्हणूनच वाचतात.

पक्का पुरावा आहे तो ह्येचो या भिक्षूचा. 704 च्या सुमारास जन्मलेला हा सिल्ला या जुन्या कोरियन राज्यातला तरुण चीनमार्गे समुद्राने भारतात आला आणि साधारण 723 ते 727 या काळात इथे फिरला. त्याचे प्रवासवर्णन हरवले होते. 1908 साली फ्रेंच विद्वान पॉल पेलियो यांना चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेत एक खंडित गुंडाळी मिळाली. सुरुवात नाही, शेवट नाही, लेखकाचे नाव नाही. एका जुन्या बौद्ध शब्दकोशात ह्येचोच्या ग्रंथातल्या कठीण शब्दांची यादी होती. तिच्याशी ताडून पेलियो यांनी लेखक ओळखला. तो सिल्लाचा होता हे जपानी विद्वान ताकाकुसू यांनी 1915 साली दाखवून दिले. आज ती गुंडाळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या वर्णनात दक्षिण भारताचा भाग येतो. राजाकडे 800 हत्ती आहेत, प्रदेश विस्तीर्ण आहे, हवा उष्ण आहे, गाई-म्हशी आहेत, डोंगरात नागार्जुनाशी जोडलेला मोठा विहार आहे, असे ह्येचो सांगतो. हे राज्य बदामीच्या चालुक्यांचे, असे अभ्यासक मानतात. तेव्हा गादीवर विजयादित्य होता आणि नीरा-भीमेचा हा मुलूख चालुक्यांच्या सत्तेखाली होता. घराची ओढ लागून ह्येचोने लिहिलेली एक कविताही याच भागात आहे. ह्युएनत्संगाने वर्णिलेला पुलकेशीचा महाराष्ट्र आपल्या शालेय पुस्तकांत आहे. ह्येचोही तिथे असायला हवा.

दुसरा धागा अगदी अलीकडचा आहे. 1953 साली कोरियन युद्ध थांबले, पण मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न उरला. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23 हजार कैदी सांभाळायची जबाबदारी भारतावर आली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि प्रत्यक्ष कैद्यांची जबाबदारी असलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. दक्षिण कोरियाच्या सरकारचा भारतावर इतका राग होता, की आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे त्याने बजावले. म्हणून भारतीय जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या आवारात डांबून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले. फेब्रुवारी 1954 मध्ये फौज परतली, तेव्हा कुठल्याच बाजूला जायचे नसलेले 88 कैदी भारतात आले. छ्वे इन-हून यांच्या 1960 च्या ‘क्वांगजांग’ या कादंबरीचा नायक असाच तटस्थ देशाकडे निघालेला कैदी आहे आणि त्याच्या जहाजाचे नाव आहे ‘टागोर’. कोरियन साहित्यात ही कादंबरी मानाची समजली जाते.

भारतातील अध्यापन आणि पुढची वाट

भारत आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध 1973 साली सुरू झाले. त्याच दशकात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियनचे अध्यापन सुरू झाले आणि 1995 पासून तिथे पूर्ण पदवी अभ्यासक्रम आहे. दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशियाई अध्ययन विभागही हा विषय शिकवतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परकीय भाषांमध्ये कोरियनचे नाव आहे. तिकडे सोलच्या हानकुक परकीय भाषा विद्यापीठात हिंदीचा विभाग 1972 पासून आहे. राजनैतिक संबंध जुळण्याआधी त्यांनी आपली भाषा शिकवायला घेतली होती.

बारामती-इंदापूर भागातल्या विद्यार्थ्याला ही वाट अवघड वाटू नये. कोरियन लिपी राजा सेजोंगने 1443 साली घडवली आणि 1446 साली जाहीर केली. आज तिची 24 मूळ अक्षरे आहेत. उच्चार करताना जीभ, दात, ओठ आणि कंठ यांचे जे रूप होते, त्यावरून मूळ व्यंजनांचे आकार घेतले आहेत. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला तिचे तत्त्व लगेच कळते. वाक्यात क्रियापद शेवटी येते, प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते. त्यामुळे वाक्यरचना मराठी माणसाला फारशी परकी वाटत नाही. ‘टोपिक’ या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पायऱ्या आहेत. दिल्लीच्या पदवीसाठी बारावीनंतर सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. कोरियात शिकायला तिथले सरकार शिष्यवृत्ती देते.

मात्र भाषेवर थांबू नये. दुभाष्याची नोकरी चांगली आहे, पण तिने ज्ञानशाखा उभी राहत नाही. भाषेच्या जोडीला इतिहास, अर्थशास्त्र, कृषी किंवा समाजशास्त्र यांपैकी एक विषय खोलवर शिकायला हवा. आणि हे काम एकट्या विद्यार्थ्याच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी कोरियाचा इतिहास, समाज आणि अर्थकारण शिकवणारी कायमची प्राध्यापकपदे निर्माण करावीत, त्यांच्यासाठी ग्रंथालये उभी करावीत आणि त्या प्राध्यापकांनी मराठीतून लिहावे, असा आग्रह धरायला हवा. ह्येचोच्या प्रवासवर्णनाचा मुळावरून केलेला सटीप मराठी अनुवाद आणि थोरातांच्या फौजेचा भारतीय व कोरियन कागद ताडून लिहिलेला इतिहास, ही दोन कामे पहिली घ्यावीत. दोन्हींत आपली माणसे आणि आपला मुलूख आहे. ती करण्याचा पहिला हक्क आणि पहिले कर्तव्य मराठी अभ्यासकाचे आहे.